सीटी स्कॅनमधल्या खोट्या सावल्या

‘फोटोत सगळं दिसतं’ असे सीटी स्कॅनबद्दल सर्रास बोलले जाते. रुग्ण बोलतात, नातेवाईक बोलतात, घाईत असलेले डॉक्टरही बोलतात. पण सीटी स्कॅन हा फोटो नाही. ते एका गणिताचे उत्तर आहे. क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती गोल फिरते आणि समोरच्या बाजूचे डिटेक्टर शरीरातून किती किरण पार झाले ते मोजतात. एका फेरीत शेकडो दिशांनी अशी मोजमापे होतात. मग संगणक उलटे गणित मांडतो : शरीराच्या आत कुठे किती घनता असली तर नेमकी हीच मोजमापे मिळतील? जे उत्तर येते ते करड्या छटांमध्ये पडद्यावर उमटते. प्रत्येक छटेमागे एक आकडा असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, मेंदूला साधारण ३० ते ४०, टणक हाडाला हजाराच्या आसपास. या आकड्यांना हाउन्सफिल्ड एकक म्हणतात.

गणित म्हटले की गृहीतके आली. रुग्ण हलणार नाही, सगळे किरण एकसारख्या ताकदीचे आहेत, प्रत्येक डिटेक्टर सारखेच मोजतो, शरीराचा कोणताही भाग मोजमापाच्या वर्तुळाबाहेर राहिलेला नाही. यातले एक जरी मोडले तरी उत्तर चुकते, आणि चुकलेले उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठसठशीतपणे पडद्यावर येते. त्यालाच आम्ही ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतो. मोबाइलने काढलेला फोटो हलला तर सगळाच धूसर होतो आणि तो हलला आहे हे लहान मूलही सांगते. सीटीचा आर्टिफॅक्ट तसा नसतो. तो कधी रक्तस्रावासारखा दिसतो, कधी गुठळीसारखा, कधी रक्तवाहिनी फाटल्यासारखा. आणि कधी खऱ्या आजारावरच पट्टा ओढून तो झाकून टाकतो.

आर्टिफॅक्ट कमी करण्याविषयी सध्या जे बोलले जाते ते बहुतेक नव्या यंत्रांविषयी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी असते. सरकारी रुग्णालयात फिजिशियन म्हणून इतकी वर्षे स्कॅन मागवल्यावर आणि पाहिल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. आपल्याकडचे बरेचसे आर्टिफॅक्ट स्कॅनच्या आधीच्या पाच मिनिटांत टाळता येतात. ती पाच मिनिटे आपण कोणाला देत नाही, एवढाच प्रश्न आहे.

हा झगडा यंत्राइतकाच जुना आहे. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याने ईएमआय कंपनीत तयार केलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. पुढे १९७९ मध्ये त्यांना अॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळाले. त्या पहिल्या यंत्रात रुग्णाचे डोके रबरी टोपीत घालून तिच्याभोवती पाणी ठेवावे लागे. कारण सोपे होते. डोके गोल, कडेला पातळ आणि मध्ये जाड. भोवती पाणी असले की प्रत्येक किरणाचा प्रवास सारख्याच लांबीचा होतो आणि गणित फारसे बिघडत नाही. चित्र अवघे ८० बाय ८० चौकटींचे होते आणि एका छेदाला काही मिनिटे लागत. आज चित्र ५१२ बाय ५१२ चौकटींचे आहे आणि नळीची एक फेरी अर्ध्या सेकंदाच्या आत पुरी होते. पाण्याची टोपी गेली, पण जी अडचण टाळण्यासाठी ती होती ती गेलेली नाही.

ती अडचण अशी : क्ष-किरणांचा झोत म्हणजे कमी आणि जास्त ऊर्जेच्या किरणांची सरमिसळ असते. जाड हाडातून जाताना कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात, ताकदवान तेवढे पार होतात. एखाद्या अवघड गडावर शंभर जण निघावेत, दमलेले वाटेतच बसावेत आणि माथ्यावर पोचलेल्यांचा वेग पाहून कोणी म्हणावे की चढ सोपाच होता, तसे संगणकाचे होते. किरण सहज पार झाले म्हणजे मधला भाग पातळ असणार, असे तो धरतो आणि तिथे काळसर पट्टा काढतो. नेमके हे कुठे घडते? दोन्ही कानांमागच्या अतिशय टणक हाडांच्या मध्ये. आणि त्या दोन हाडांच्या मध्ये आहे ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास, शुद्ध, गिळणे सांभाळणारा मेंदूचा देठ. बाजूला लहान मेंदू. या भागात पक्षाघाताचा झटका आला तर सुरुवातीच्या तासांत तो सीटीवर तसाही नीट दिसत नाही, त्यात हा पट्टा. म्हणून अचानक भोवळ, उलट्या, तोल जाणे, बोबडे बोलणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाचा ‘सीटी नॉर्मल’ आहे एवढ्यावर त्याला घरी पाठवू नये, असे मी प्रत्येक नव्या बॅचच्या निवासी डॉक्टरांना सांगतो. सीटीने मोठा रक्तस्राव नाही एवढे कळले. बाकीचे रुग्णाला चालवून बघूनच ठरवायचे आणि गरज पडली तर एमआरआय करायचा.

आर्टिफॅक्टची दुसरी बाजू, म्हणजे नसलेला आजार दिसणे, जास्त महागात पडते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावाहून पन्नाशीचा एक शेतकरी रात्री आमच्याकडे आला. छातीत दुखत होते म्हणून वाटेतल्या एका केंद्रात सीटी झालेला. रिपोर्टमध्ये ‘महाधमनीच्या मुळाशी डिसेक्शनची शक्यता’. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीचे पदर सुटणे म्हणजे डिसेक्शन. खरे असेल तर तासाभराचाही उशीर परवडत नाही, तातडीने छाती उघडावी लागते. मुलाने मुंबईला न्यायची तयारी केली होती आणि पैशांसाठी जमीन लिहून द्यायची बोलणी फोनवर सुरू होती. आमच्या रेडिओलॉजिस्टनी सीडी लावली. महाधमनीच्या अगदी मुळाशी भिंतीला दोन रेषा दिसत होत्या, पण फक्त तिथेच. वरची कमान आणि पाठीकडे उतरणारा भाग स्वच्छ. त्या जागी हे वारंवार दिसते, कारण प्रत्येक ठोक्याला ते मूळ उसळते आणि नळी फिरून येईपर्यंत भिंत जागेवरून हललेली असते. एकाच भिंतीचे दोन ठसे उमटतात. पण ‘असे असते’ म्हणून कोणी अंदाजावर सोडले नाही. ईसीजीच्या तालाशी जुळवून, हृदय त्यातल्या त्यात शांत असतानाच्या क्षणांची मोजमापे घेऊन पुन्हा स्कॅन केला. रेषा एकच होती. दुखणे पुढे दुसऱ्याच कारणाचे निघाले आणि रुग्ण चालत घरी गेला.

इथे पहिल्या केंद्राला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. शंका आली ती त्यांनी लिहिली, आणि खरे डिसेक्शन आर्टिफॅक्ट समजून सोडून देणे हे त्याहून कितीतरी वाईट. मुद्दा असा की छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा महाधमनीसाठी स्कॅन मागवला तर तो ईसीजीशी जोडूनच व्हायला हवा, आणि त्यासाठी मागवणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीवर तसे लिहायला हवे. ‘सीटी चेस्ट’ एवढ्या दोन शब्दांवर तंत्रज्ञाने काय समजायचे? आमच्या जमातीच्या सीटीच्या चिठ्ठ्या एकदा कोणी गोळा करून वाचाव्यात. किराणा मालाची यादीही त्यांच्यापेक्षा सविस्तर असते.

महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी याचा थेट संबंध येतो, तो म्हणजे तोंडाचा कॅन्सर. तंबाखू, मावा, गुटखा, मिसरी यांनी आपल्याकडे गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरड्यांजवळचा कॅन्सर भरपूर दिसतो. गाठ जबड्याच्या हाडापर्यंत गेली आहे का, यावर जबडा ठेवायचा की काढायचा हे ठरते. आणि नेमक्या त्याच पातळीवर दातांत बसवलेल्या धातूच्या टोप्या आणि भरलेले चांदीचे दात असतात. धातू किरण जवळपास अडवूनच टाकतो. डिटेक्टरला काहीच मिळत नाही, आणि धातूपासून सूर्याच्या किरणांसारखे पांढरे-काळे पट्टे पूर्ण चित्रभर पसरतात. गाठ त्या पट्ट्यांखाली.

यावरचे दोन उपाय इतके साधे आहेत की सांगायला संकोच वाटावा. एक, स्कॅनच्या वेळी रुग्णाला गाल फुगवून धरायला सांगायचे. गाल आणि हिरडी एरवी चिकटलेले असतात. मध्ये हवा आली की गाठ गालाची आहे की हिरडीची, कुठून सुरू होते, हे वेगळे दिसते. दुसरा, दातांच्या पातळीवर तोंड उघडे ठेवून किंवा कोन बदलून एक छोटा जादा स्कॅन करायचा, म्हणजे पट्टे दुसरीकडे सरकतात आणि झाकलेला भाग उघडा पडतो. अर्थात कॅन्सरने किंवा सुपारीने तोंड उघडायचेच बंद झाले असेल तर दुसरा उपाय चालत नाही. पण पहिला बहुतेकांना जमतो, रुग्णाला आधी दोनदा करून दाखवला तर. यंत्र कुठलेही असो, खर्च शून्य.

‘आधी करून दाखवला तर’ यातच सगळे आले. श्वासाचे घ्या. छातीचा आणि पोटाचा स्कॅन श्वास रोखून करायचा असतो. श्वास चालू राहिला तर यकृताच्या कडा दुहेरी होतात, फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पुसट होतात आणि कधी तिथे गुठळी असल्याचा भास होतो. यंत्रात सूचना आधीच मुद्रित केलेली असते आणि अनेक ठिकाणी ती इंग्रजीत किंवा शुद्ध हिंदीत येते. साठीची आजी त्या गोल बोगद्यात एकटी, वरून अनोळखी आवाज येतो, ती दचकून मान वर करते आणि विचारते, ‘काय म्हणतो रे तो?’ तेवढ्यात स्कॅन झालेला असतो. तंत्रज्ञ पुन्हा करतो, किंवा वेळ नसेल तर करत नाही.

या यंत्रांमध्ये आपल्या आवाजात सूचना भरण्याची सोय असते. मराठीत भरायला अर्धा तास लागतो. मराठीतही ‘श्वास रोखा’ यापेक्षा ‘दम धरा, सोडू नका’ हे आमच्या रुग्णांना लवकर कळते. नंदुरबारला भिली आणि अहिराणीत, मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत हेच का भरू नये? त्या त्या रुग्णालयातली एखादी परिचारिका किंवा मावशी आनंदाने आवाज देईल. लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरने जो दोष अर्धवट पुसला जातो, तो या अर्ध्या तासात मुळात होतच नाही. कानाने कमी ऐकू येणाऱ्यांना हाताची खूण ठरवून द्यावी. ज्यांना दम लागलेलाच आहे त्यांना श्वास रोखायला सांगणे क्रूर आहे. त्यांना शांतपणे हलका श्वास घ्यायला सांगून जलद स्कॅन करावा, चित्र जमेल तेवढे चांगले येते.

धातूचेही तसेच. नथ, कुड्या, केसातल्या पिना, मंगळसूत्र, कवळी काढायला सांगितले जाते, पण कमरेच्या करगोट्यातली किल्ली, साडीला खोचलेला चाव्यांचा जुडगा, दंडातला ताईत, बनियनच्या खिशातली नाणी हे राहून जाते. मंगळसूत्र काढायला काही जणी तयार नसतात. डोक्याच्या स्कॅनला ते गळ्यातच खाली सरकवून ठेवले तर बिघडत नाही, मानेच्या स्कॅनला मात्र बिघडते. हे समजावून सांगितले तर बाया ऐकतात. खेकसून सांगितले तर ऐकत नाहीत. अतिदक्षता विभागातून आलेल्या रुग्णाच्या छातीवर ईसीजीच्या तारा तशाच असतात. त्या बाजूला करायला एक मिनिट लागते. छाती-पोटाच्या स्कॅनला हात डोक्यावर घ्यायचे असतात, कारण बाजूला ठेवलेल्या हातांची हाडे यकृतावर आणि प्लीहेवर पट्टे आणतात. खांदा मोडलेल्या अपघातग्रस्ताचे हात वर जाणार नाहीत, हे खरे. पण ज्याचे जाऊ शकतात त्याचेही घाईत खालीच राहतात.

आता यंत्राकडे वळू. चित्रात मधोमध एकाच केंद्राभोवती वर्तुळे दिसू लागली तर समजावे की एखादा डिटेक्टर चुकीचे मोजतो आहे. नळी आणि डिटेक्टर एकत्र फिरतात, त्यामुळे एकाच डिटेक्टरची चूक सगळीकडून सारख्याच अंतरावर उमटते आणि तिचे वर्तुळ होते. उपाय म्हणजे रोज सकाळी आत रुग्ण नसताना हवेचा स्कॅन करून सगळ्या डिटेक्टरांचे माप जुळवून घेणे. कॉन्ट्रास्ट औषधाचा थेंब यंत्राच्या गोल खिडकीवर सांडून वाळला तरी खोटे डाग दिसतात. तिथे ओले फडके हाच उपाय. खोलीचे तापमान, वीजपुरवठा, धूळ यांचाही परिणाम होतो. सकाळी सातला रांग लागलेली असताना ही जुळवाजुळव टळते, आणि यंत्रात बिघाड झाला की देखभाल कराराची फाइल कोणाच्या टेबलावर आहे यावर दुरुस्तीचा दिवस ठरतो. खरेदीच्या वेळी १६ स्लाइस की १२८ स्लाइस यावर बैठका होतात. देखभाल आणि तंत्रज्ञांची पदे यांवर तेवढा वेळ गेलेला मी पाहिलेला नाही. रात्रपाळीला एकटा तंत्रज्ञ असेल तर तो रुग्ण टेबलावर घेईल, की सुई तपासेल, की गाल फुगवायचा सराव करून घेईल?

सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. मांडीत स्टीलची सळी किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असलेल्या रुग्णाच्या ओटीपोटात काय चालले आहे, हे पूर्वी कळणेच अवघड होते. धातूचे पट्टे पुसणारे प्रोग्रॅम, दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर केलेला ड्युअल एनर्जी स्कॅन, यांनी तिथे खरोखर फरक पडला. टायटॅनियमच्या रोपणांमुळे स्टीलपेक्षा पट्टे कमी येतात, हे अस्थिरोग तज्ज्ञांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रत्येक किरणकण वेगळा मोजणारी फोटॉन काउंटिंग यंत्रे २०२१ पासून अमेरिकेत रुग्णांसाठी मंजूर आहेत. ती आपल्या जिल्ह्यांत येतील तेव्हा स्वागतच आहे.

मात्र पट्टे पुसणारे प्रोग्रॅम मोजमापातली बिघडलेली जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढतात. म्हणजे तिथे खरे काय होते हे त्यांना माहीत नसते. काय असावे याचा ते हिशोब करतात. धातूला लागून असलेले हाड त्यात कधी पुसले जाते, कधी नवीनच खोटी सावली तयार होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने गुळगुळीत केलेली चित्रे डोळ्यांना सुखावतात, आणि म्हणूनच त्यांच्याशी मी सावधपणे वागतो. जुना आर्टिफॅक्ट कुरूप असायचा, त्यामुळे तो ओळखू यायचा. चांगले रेडिओलॉजिस्ट मूळ आणि दुरुस्त अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहतात. दोन्ही संच जपून ठेवले पाहिजेत आणि कोणते चित्र दुरुस्त केलेले आहे हे रिपोर्टमध्ये लिहिले पाहिजे. हा नियम व्हावा, ऐच्छिक सौजन्य राहू नये.

रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ हवी : चित्राचा दर्जा कसा होता. ‘श्वास हलल्याने फुप्फुसाचा खालचा भाग नीट दिसत नाही’ असे लिहिलेले असेल तर माझ्यासारख्या फिजिशियनला ‘गुठळी नाही’ या वाक्यावर किती विसंबायचे ते कळते. काही जण हे नेटाने लिहितात. काही ठिकाणी मात्र ते लिहिणे म्हणजे आपल्याच केंद्राची बदनामी असे मानतात.

शिवाय पुन्हा केलेल्या स्कॅनचा हिशोब कोणी ठेवत नाही. पोटाच्या एका स्कॅनने शरीराला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो, म्हणजे एका जादा स्कॅनने तीन-चार वर्षांची भर. गरजेचा असेल तर यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि या आकड्यांना भिऊन कोणी आवश्यक स्कॅन टाळू नये. पण कोणी दम धरायला सांगितले नाही म्हणून मिळालेला दुसरा डोस अकारण आहे. प्रत्येक सरकारी सीटी विभागात एक साधी वही असावी : आज किती स्कॅन पुन्हा करावे लागले आणि का. हलल्यामुळे, धातूमुळे, यंत्रामुळे, की चिठ्ठी अपुरी होती म्हणून. महिन्याच्या अखेरीस ती वही अधीक्षकांच्या बैठकीत उघडावी. स्लाइस किती घ्यायच्या यापेक्षा माणसे किती घ्यायची, याचे उत्तर तीत मिळेल.

रुग्णांनी त्यांच्या बाजूने करण्यासारखेही थोडे आहे. शरीरात सळी, प्लेट, पेसमेकर, जुना छर्रा काहीही असेल तर स्कॅनच्या आधी सांगा, कोणी विचारले नाही तरी. अलीकडे बेरियम पिऊन पोटाचा एक्स-रे झाला असेल तर तेही सांगा, कारण आतड्यात राहिलेले बेरियम धातूसारखेच पट्टे आणते आणि दोन-चार दिवस थांबणे चालण्यासारखे असेल तर चित्र चांगले येते. सूचना कळली नाही तर टेबलावर झोपण्याआधी पुन्हा विचारा. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना फक्त मोठी काळी फिल्म गुंडाळून नेऊ नका. फिल्मवर निवडक चित्रे छापलेली असतात, खरी रेघ आणि खोटी रेघ त्यांवरून वेगळी करता येत नाही. सगळे बारीक छेद सीडीत असतात. ती मागून घ्या, देत नसतील तर पुन्हा मागा.